त्रेचाळीस जणांचा नवस

रबियप स्वतःपुरता नवस बोलली असती तर कोणाचं काही बिघडलं नसतं. नवस सगळेच बोलतात. आमच्या मॉलच्या दारात, टॅक्सी थांबतात तिथेच, चारतोंडी ब्रह्मदेव बसलाय. आरशाच्या तुकड्यांचा मांडव, गळ्यात झेंडूच्या माळा, पायाशी लाकडी हत्तींची ही गर्दी. त्यातले दोन हत्ती माझे, गुडघा बरा झाला म्हणून वाहिलेले. देव चांगला आहे, फक्त शब्दाला फार चिकट आहे. जे बोललात ते, तसंच आणि तेवढंच द्यायचं. एक माळ कमी पडली तरी दिलेलं परत घेतो म्हणतात, आणि मी काही ते तपासून बघायला गेले नाही.

आमचं सुपरमार्केट त्या मॉलच्या तळमजल्यावर. बँकॉकची ही नदीपलीकडची बाजू, थोनबुरीची, मागे कालवा. वरचे मजले केव्हाच ओस पडलेत. एक शिंपीण, एक चष्मेवाला, दोन तावीजवाले आणि बंद पडलेला सरकता जिना. पण आमचं दुकान चालतं. मी प्रानोम, मासळीच्या काउंटरवर पंचवीस वर्षं झाली. बर्फात हात घालून घालून माझ्या बोटांना आता गरम चहाचा पेलासुद्धा कळत नाही.

आणि रबियप म्हणजे आमच्या दुकानाचा आवाज. वय अठ्ठावन्न, नोकरीला एकतीस वर्षं. चौकशीच्या काउंटरमागे चार पायऱ्या चढून एक खुराडं आहे, त्यात ती, एक माइक आणि एक पंखा. सकाळी दहापासून तिथून ती बोलते. ताजा पाव आला, निळ्या गाडीचे दिवे चालू राहिलेत, एक लहान मूल बिस्किटांपाशी सापडलंय आणि ते आपलं नाव सांगत नाहीये. तिच्या नावाचा अर्थच मुळी शिस्त, आणि आईबापांनी ते ठेवताना काही चूक केली नव्हती. डबा खाताना चमचा उजवीकडे, काटा डावीकडे, मध्ये रुमाल. लग्न केलं नाही. माझं मत विचाराल तर कोणी अर्ज नियमाप्रमाणे भरला नसेल.

माझं तिच्याशी एकोणीस वर्षं बोलणं नव्हतं. कारण सांगते, हसू नका. एकदा मी खारवलेला खेकडा घातलेली पपईची कोशिंबीर खाल्ली आणि पोट बिघडलं. मासळी विकणाऱ्या बाईला खेकडा बाधला हेच आधी लाजिरवाणं. मी संडासात, बाहेर गिऱ्हाईक खोळंबलेलं. तर या बाईने माइकवरून मला पुकारलं. मासळी विभागाच्या प्रानोम यांनी जिथे असतील तिथून ताबडतोब निघावे. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी वर 'ग्राहक आपली चिंता करत आहेत' अशी पुस्ती जोडली. मी बाहेर आले तेव्हा कोळंबी घ्यायला आलेल्या अनोळखी बाईंनी मला विचारलं, आता बरं वाटतंय का. त्या दिवसापासून काय सांगायचं ते मी भाजीवाल्या नुआनकरवी सांगायची, आणि तिकडून उत्तरही नुआनकरवीच यायचं. नुआनचा पगार खरं तर दुप्पट हवा होता.

तर गेल्या जूनमध्ये हेड ऑफिसची माणसं टेप घेऊन आली आणि भिंती मोजून गेली. भाडेकरार संपत होता. नदीपार शहराच्या बाजूला मोठं चकचकीत दुकान निघणार, हे बंद होणार, जुन्या माणसांना तिकडे घेणार नाहीत, असं पार्किंगच्या वॉचमनपासून सगळ्यांना कळलं. पन्नाशीच्या बाईला मासळी कापायला नवीन ठिकाणी कोण ठेवतंय? मला रात्री झोप लागेना. मी काय केलं तर चिडचिड केली. रबियपने काय केलं तर दुपारच्या सुटीत माळ आणि उदबत्त्या घेतल्या आणि ती ब्रह्मदेवापुढे गुडघे टेकून बसली.

आता नवस बोलताना आपलं नाव, आडनाव, घर नंबर, सगळं नीट सांगायचं असतं, नाहीतर एवढ्या गर्दीत देवाला कळायचं कसं कोण मागतंय. बाईने तोंड उघडलं आणि एकतीस वर्षांची सवय बाहेर पडली. माळा विकणारी बुनलुआ दोन हातांवर बसलेली, तिने शब्दन् शब्द ऐकला. थोनबुरी शाखा आपल्या सेवेत सादर आहे. ही शाखा चालू राहिल्यास शाखेचे सर्व त्रेचाळीस कर्मचारी आपल्यासमोर पूर्ण पोशाखात स्वतः नृत्य सादर करतील. असुविधेबद्दल क्षमस्व. धन्यवाद.

त्रेचाळीस जण, आणि तेही स्वतः. पोटापाण्यासाठी मांडवाशेजारी छत्रीखाली नाचणाऱ्या बायका बसलेल्या असतात, त्यांना सांगितलं की त्या आपल्या वतीने नाचतात. सगळं जग तसंच करतं. पण या बाईने तीही वाट बंद करून टाकली. उठल्यावर तिच्या लक्षात आलं म्हणे, तेव्हा ती पुन्हा बसली आणि दुरुस्ती करायला गेली. बुनलुआने तिला सांगितलं की एकदा लागलेली उदबत्ती मागे घेता येत नाही.

सप्टेंबरात पत्र आलं. करार पाच वर्षं वाढला. हेड ऑफिसने कारण दिलं की नव्या जागेच्या तळघरात पाणी शिरलं. आम्ही एकमेकींकडे बघितलं. पाणी कोणी सोडलं ते आम्हाला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडण्याआधी रोज सगळ्यांची रांग लागते तिथे, रबियपने खाली मान घालून सगळं सांगितलं. चेहरा नुसता पांढरा. मॅनेजर कवीन साहेब, वय बत्तीस, हेड ऑफिसहून आलेले, सगळं तक्त्यात बघायची सवय. ते हसले. म्हणाले, मावशी, दोन माळा घाला आणि विषय संपवा, कामाच्या वेळेत नाच वगैरे होणार नाही.

त्या दुपारी बर्फाचं मशीन बंद पडलं. दुसऱ्या दिवशी पुढचं आपोआप उघडणारं दार कोणी नसताना उघडायला लागलं, टिंग टाँग, सुस्वागतम्, टिंग टाँग, सुस्वागतम्, दिवसभर. साहेब म्हणाले, सेन्सर खराब आहे. तिसऱ्या दिवशी त्याच दारातून कालव्यातली घोरपड आत आली. लहानसहान नव्हे, माझ्याएवढी लांब. आमच्याकडे तिचं खरं नाव तोंडातून काढणं म्हणजे शिवी, आणि ती घरात शिरणं म्हणजे घरावर अवकळा. म्हणून सगळे तिला लाडाने सोनंचांदी म्हणतात, न जाणो तिला राग आला तर. लगेच वरून शांत आवाज आला. ग्राहकांनी कृपया लक्ष द्यावे. सोनंचांदी तांदळाच्या रांगेतून मासळी विभागाकडे निघालेली आहे. कृपया वाट द्यावी.

बाकी सगळे पळाले. मी एक बांगडा शेपटीला धरून तिच्यासमोर हलवत हलवत मागच्या दाराने तिला कालव्यात सोडून आले. परत आले तर कवीन साहेब तांदळाच्या पोत्यांच्या थप्पीवर, सगळ्यात वरच्या पोत्यावर उभे. तिथूनच त्यांनी विचारलं, पोशाख भाड्याने कुठे मिळतात.

गुरुवार ठरला, सकाळी नऊ वाजून नऊ मिनिटं, कारण नऊ आमच्याकडे शुभ. छत्रीखालच्या बायकांची गुरू चमोयबाई, वय सत्तर, शिकवायला कबूल झाली. रोज सकाळी सात वाजता, माल उतरतो त्या मागच्या अंगणात तालीम. एकेकाला कमरेतून वाकवून, बोटं मागे वळवून ती शिकवायची आणि जिभेवर लगाम नव्हता. कवीन साहेबांकडे बघून म्हणाली, हा नाचतोय की पंखा पुसतोय? कॅशवरच्या पोरींना म्हणाली, हसू नका, देवाला चार तोंडं आहेत, मागच्या रांगेत लपायची सोय नाही.

बेचाळीस जण तालमीला आले. मी नाही गेले.

का जाऊ? मला विचारलं होतं नवस बोलताना? एकोणीस वर्षांपूर्वी माझी अब्रू माइकवरून घालवली आणि आता माझे हातपायही परस्पर देवाला देऊन मोकळी. मी नुआनला सांगितलं, तिला म्हणावं माझ्या वाटचं तूच नाच, डबल नाच. नुआनने बहुतेक ते मऊ करून सांगितलं असणार. दोन दिवस सगळं दुकान माझ्याशी गोड बोलत होतं. पाववाल्याने केक दिला. वॉचमनने माझी सायकल पुसली. कवीन साहेब स्वतः येऊन बर्फ मारून गेले आणि त्यांनी तो कोळंबीच्या ऐवजी तराजूवर मारला. चमोयबाईने निरोप पाठवला की एक जरी कमी भरला तरी नवस फिटला नाही असं ती देवासमोर सांगेल, कारण तिला रोज तिथेच बसायचंय.

म्हणजे माझ्या एकटीच्या हट्टावर त्रेचाळीस जणांची नोकरी. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण राग एकोणीस वर्षं मुरलेला, तो असा एका केकने सुटत नाही.

बुधवारी दुपारी काउंटरवर गर्दी होती. आमच्याकडे यंत्रातून नंबरची चिठ्ठी घ्यायची आणि वाट बघायची. मी पुकारलं, चौसष्ट. समोर रबियप. हातात चिठ्ठी, पंचवीस मिनिटं रांगेत उभी होती. पंचवीस वर्षांत ती तिच्या खुराड्यातून माझ्या काउंटरपर्यंत कधी आली नव्हती. मासे ती खातच नाही. मी हातमोजे काढले. तिने घसा साफ केला आणि माझ्या डोक्यावरच्या भावफलकाकडे बघत, तिच्या त्या माइकच्या सुरात बोलली, "मासळी विभागाच्या प्रानोम यांना एकोणीस वर्षांपूर्वी तीनदा पुकारण्यात आलं. एकदा पुरेसं होतं."

मागे पासष्ट नंबरची बाई कान देऊन ऐकत होती. मी वाट बघितली की आणखी काही येईल. पण तेवढंच ती घरून पाठ करून आली होती. हातातल्या चिठ्ठीचा मात्र बोळा झाला होता. मला तिची कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखी राग आला. मी नुआनला हाक मारली आणि म्हटलं, सांग हिला, उद्या येते मी, पण साईज मोठा लागेल. तीन फुटांवर उभ्या रबियपला नुआनने ते सांगितलं.

गुरुवारी सकाळी आमचं रूप बघायला हवं होतं. पोशाख सडपातळ नाचणाऱ्यांच्या मापाचे, आणि आम्ही सगळे भातावर वाढलेले. कोणाला पाठीमागून चिमटे लावले, कोणाला पिना, मला तर मासळी बांधायची सुतळी. कवीन साहेब सोनेरी जाकिटात श्वास रोखून उभे. मांडवासमोर ही गर्दी: दुकान उघडायची वाट बघणारी रोजची गिऱ्हाइकं, मोटारसायकल टॅक्सीवाले, वरची शिंपीण, दोन्ही तावीजवाले. चमोयबाईने मोजायला सुरुवात केली. दोनदा मोजलं. बेचाळीस.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हटलं, अरे, मी ही इथे उभी आहे, डोळे फुटलेत का? मग शोधाशोध. रबियप नव्हती. तिला पोशाख घालताना सात पोरींनी बघितलं होतं, मुकुट नुआनने स्वतः बांधला होता. नऊला पाच कमी. मी म्हटलं, थांबा, आणि मी मागच्या बाजूला गेले, कारण त्या दुकानात लपून बसावं अशी जागा मला माहिती नाही असं होणारच नाही.

माझ्याच बर्फाच्या खोलीत होती. कालवांच्या पेटीवर बसलेली. डोक्यावर हातभर उंच सोनेरी मुकुट, गालांवर लाली, गुडघ्यावर गुडघा, काकडलेली. मला बघून उठली नाही. दोघींची नजर आपोआपच इकडे तिकडे गेली, नुआनला शोधत. पण नुआन नव्हती.

"प्रानोम," ती म्हणाली, आणि आवाज माइकवरचा नव्हता, एखाद्या लहान मुलीसारखा होता. "मला कोणी कधी बघितलेलं नाही. एकतीस वर्षं लोकांनी नुसतं ऐकलंय. मी अशी दिसते हे कोणाला ठाऊकसुद्धा नाही. आणि आता एकदम हे असं."

एकोणीस वर्षांत किती वाक्यं तयार करून ठेवली होती मी, एकाहून एक झणझणीत. त्यातलं एकही आठवलं नाही.

"ऊठ," मी म्हटलं. "कपड्यांना मासळीचा वास लागेल. भाड्याचे आहेत."

ती म्हणाली तिला नाचाचे सगळे हात विसरायला झालेत. मी म्हटलं मी तर एकही तालीम केलेली नाही, तू निदान विसरलीस तरी, मला आठवायलाच काही नाही. ती म्हणाली सगळे हसतील. मी म्हटलं हसणारच, कवीन साहेबांचं जाकीट कधीही फुटेल, लोक त्यासाठीच थांबलेत. मग मी तिचं मनगट धरलं आणि ओढली. माझ्या बोटांना काही कळत नाही म्हटलं ना, पण तिचा हात बर्फापेक्षा गार होता हे तेवढं कळलं.

नऊ वाजून नऊ मिनिटांनी नाचलो. कसे नाचलो ते विचारू नका. मी रबियपकडे बघून नाचत होते, रबियप डोळे मिटून नाचत होती, त्यामुळे आम्ही दोघी हळूहळू टॅक्सींच्या दिशेने सरकलो आणि टॅक्सीवाल्यांनी आम्हाला वळवून परत पाठवलं. साहेबांचं जाकीट दुसऱ्या फेरीला फुटलं. लोक हसले, मग टाळ्या वाजवायला लागले, मग टॅक्सीवालेही हात वळवायला लागले. तिसऱ्या फेरीला बघते तर रबियपचे डोळे उघडे. बोटं मागे वळलेली, मान बरोबर कलती, पाय तालात. सगळं पाठ होतं तिला. घरी आरशासमोर किती रात्री जागली असेल कोण जाणे. मला इतकं बरं वाटलं की माझाही एक हात बरोबर पडला.

संगीत थांबलं. आता नवस फिटला असं देवाला सांगावं लागतं, आणि ते बोलणाऱ्यानेच सांगायचं असतं. रबियप गुडघ्यांवर बसली, हात जोडले. तोंड उघडलं आणि तेच बाहेर पडलं.

"थोनबुरी शाखेच्या सर्व त्रेचाळीस कर्मचाऱ्यांनी नृत्य सादर केलेलं आहे. कृपया नोंद घ्यावी. धन्यवाद."

सगळ्यांच्या माना वळल्या. हा आवाज प्रत्येकाने हजारदा ऐकलेला, कोणाचं मूल या आवाजाने शोधून दिलेलं, कोणाची गाडी. पुढे काठी टेकून एक आजी उभ्या होत्या, कालव्यापलीकडे एकट्या राहतात, रोज संध्याकाळी येतात, दोन केळी आणि एक दह्याची वाटी घेतात, आणि दुकान बंद होईपर्यंत थांबतात. त्या पुढे झाल्या, रबियपच्या तोंडाकडे वाकून बघत राहिल्या.

"अगं, ती तू होय?" आजी म्हणाल्या. "मी इतकी वर्षं टेप समजत होते."

लोक हसले. रबियपही हसायला गेली, पण तिला ते नीट जमलं नाही. आजींचं बघून झालं नव्हतं. म्हणाल्या, मग ते बंद व्हायच्या वेळी, पूल ओला आहे, कठड्याला धरून सावकाश घरी जा, असं सांगतात, तेही तूच सांगतेस?

"ओला असला तरच सांगते, आजी," रबियप म्हणाली. "माझ्या मागच्या खिडकीतून पूल दिसतो."

"तरी मी म्हणायचे," आजी म्हणाल्या, "टेपला कसं कळतं बाई."

रबियपने मुकुटासकट मान खाली घातली. गालांवरची लाली दोन रेघांनी वाहून गेली, पोशाखावर पडली, आणि भाड्याचे कपडे आहेत हे या वेळी मी सांगितलं नाही. आजींनी पिशवीतला रुमाल काढून तिला दिला. मग दहा वाजायला आले तसं रबियपने नाक पुसलं, उभी राहिली, आणि त्याच वेषात चार पायऱ्या चढून माइकपाशी गेली. मुकुट दारात अडकला म्हणून तिला जरा वाकून आत जावं लागलं.